परीक्षा काठावरच्यांची

पावसाचा जोर ओसरू लागला, की शाळाशाळांच्या सूचनाफलकांवर जिल्हास्तरीय क्रीडास्पर्धांची वेळापत्रके लागतात. कबड्डी, खो-खो, मैदानी शर्यती यांच्या रांगेत एखादा दिवस जलतरणाचाही असतो. कबड्डीचा सामना असला तर गल्लीतला प्रत्येक जण जाणकार असतो. कोणत्या चढाईत चूक झाली हे कोपऱ्यावरचा पानवालाही सांगू शकतो. जलतरणाचे तसे नाही. ज्या घरातील मूल प्रथमच या स्पर्धेत उतरणार असते, त्या घरात शर्यतीत पोहलेले माणूस सहसा नसते. आजोबा पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात. वडिलांनी कृष्णेच्या किंवा पंचगंगेच्या डोहात उड्या मारलेल्या असतात. आईला बहुधा काठावरच थांबवलेले असते. घराची पाण्याशी ओळख असते; जलतरण स्पर्धेशी नसते.

परिणाम असा होतो, की मूल वर्षभर पहाटे उठून तयारी करते आणि कुटुंब मात्र कोणत्याही तयारीवाचून तलावावर येऊन उभे राहते. ही उणीव वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तुतः ती तशी नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी झालेल्या पहिल्या एक-दोन स्पर्धांचा जो ठसा मनावर उमटतो, त्यावर ते मूल पुढे पाण्यात राहणार की कायमचे काठावर येणार हे पुष्कळ अंशी ठरते. आणि हा ठसा पाण्यापेक्षा काठावर जे घडते त्याचाच अधिक असतो.

सहा तास आणि चाळीस सेकंद

जलतरण स्पर्धेचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील प्रतीक्षा. सातवीतला मुलगा ५० मीटरची शर्यत ३५ ते ४५ सेकंदांत संपवतो. त्या चाळीसएक सेकंदांसाठी त्याला सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत तलावावर थांबावे लागते. निरनिराळे वयोगट, मुले व मुली, चार शैली, वेगवेगळी अंतरे आणि प्रत्येकाच्या प्राथमिक फेऱ्या असा तो लांबच लांब क्रम असतो. हे आधी ठाऊक नसलेले वडील कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन येतात, दहा वाजता घड्याळ पाहू लागतात आणि अकरा वाजता व्यवस्थापनावर संतापतात. त्यांचा तो उतावीळपणा शेजारी बसलेल्या मुलापर्यंत आपोआप पोहोचतो. त्या दिवशी पूर्ण रजा काढावी, एवढी साधी गोष्टही पूर्वतयारीतच मोडते.

या प्रतीक्षेत मुलाला थंडी वाजते, भूक लागते आणि भीतीही वाटते. ओला पोशाख अंगावर ठेवून सिमेंटच्या पायऱ्यांवर तासभर बसलेले मूल शर्यतीच्या वेळी आखडलेले असते. म्हणून एकाऐवजी दोन टॉवेल, अंगावर घालावयास कोरडे जाड कपडे, पायांत चपला आणि डोक्यावर सावली यांची सोय हवी. गॉगल आणि टोपी यांचा एकेक जादा नग पिशवीत असावा, कारण गॉगलचा पट्टा तुटतो तो नेमका शर्यतीच्या आधी. कौतुकाने आणलेला नवा गॉगल मात्र त्या दिवशी प्रथमच लावू देऊ नये. उडी मारताच त्यात पाणी शिरले तर सारी शर्यत त्या एका धांदलीत निघून जाते.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडचे प्रेम अनेकदा आड येते. ‘आज शक्ती हवी’ म्हणून सकाळी तुपातला शिरा भरवला जातो आणि दुपारी तलावाबाहेरच्या गाडीवरचा वडा हातात दिला जातो. भरपेट खाणे शर्यतीच्या दोन-तीन तास आधी आटोपलेले असावे. मधल्या वेळात केळे, इडली, थोडे पोहे असे हलके आणि नित्याच्या सवयीचेच अन्न द्यावे. पाण्यात असले तरी शरीराला घाम येतो, म्हणून पिण्याचे पाणी वरचेवर द्यावे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात प्रशिक्षक सराव कमी करतात, ती पुष्कळ पालकांना टाळाटाळ वाटते. ती टाळाटाळ नव्हे. थकलेल्या स्नायूंना दिलेली ती विश्रांती आहे. त्या आठवड्यात घरच्यांनी परस्पर जादा सराव करून घेणे म्हणजे पिकत आलेल्या शेतात पुन्हा नांगर घालण्यासारखे आहे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी येथेच सांगितल्या पाहिजेत. स्पर्धेच्या नियमांनुसार ज्या टोकाला उडी घेण्याचे चौथरे असतात तेथे पाण्याची खोली निदान १.३५ मीटर असावी लागते. आपल्याकडील अनेक तलावांचे एक टोक याहून उथळ असते. तेथे सूर मारण्याचा मोह मुलांनी कटाक्षाने टाळला पाहिजे. दुसरे असे, की शर्यतींच्या मधल्या वेळात मुले ‘पाण्याखाली कोण अधिक वेळ राहतो’ अशा पैजा लावतात. भराभर खोल श्वास घेऊन मग दम कोंडून धरल्यास पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते आणि हे चांगल्या पोहणाऱ्याच्या बाबतीतही घडते. दमा, फेपरे किंवा कानाचे दुखणे असल्यास ते प्रशिक्षकाला आधीच सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

पंचाची शिट्टी

दुसरी तयारी नियमांच्या माहितीची. प्रथम आखूड शिट्ट्यांची एक मालिका होते, तेव्हा मुलांनी वरचे कपडे उतरवून सज्ज व्हावयाचे असते. मग एक लांब शिट्टी होते. तिच्यासरशी चौथऱ्यावर चढावयाचे किंवा बॅकस्ट्रोकची शर्यत असल्यास पाण्यात उतरावयाचे. नंतर सज्जतेचा हुकूम आणि त्यानंतर सुटण्याचा इशारा. हुकूम आणि इशारा यांमधील तो क्षण निःशब्द असावा लागतो. नेमक्या त्याच क्षणी प्रेक्षकांतून ‘चल, मार उडी!’ अशी आरोळी आली किंवा छायाचित्रासाठी लख्ख प्रकाश पडला, तर एखादे मूल दचकून आधीच सुटते आणि बाद होते. ते मूल आपलेच असेल असे नाही. पण कोणाचे तरी असते.

बाद होणे ही या खेळातील सर्वांत मनाला लागणारी गोष्ट. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या शैलींत वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. बॅकस्ट्रोकमध्ये पाठीवरच राहून भिंत गाठावी लागते. सुटल्यानंतर किंवा वळल्यानंतर फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक व बटरफ्लाय या शैलींत १५ मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर यावे लागते. लहान मुले उत्साहाच्या भरात एक हात आधी लावतात आणि पहिल्या आलेल्या मुलाचे नाव निकालात दिसत नाही. नियम न जाणणारा पालक अशा वेळी पंचांच्या टेबलाकडे धावतो, पक्षपाताचा आरोप करतो आणि ‘आमच्या शाळेवरच यांचा डोळा’ असे सर्वांसमक्ष म्हणून मोकळा होतो. मूल काय शिकते? चूक आपली नव्हती, ती कोणीतरी केली. ज्या दिवशी त्याने दोन हात लावण्याचा धडा शिकावयाचा, त्याच दिवशी तो धडा त्याच्यापासून हिरावून घेतला जातो. तक्रार असल्यास ती संघव्यवस्थापक असलेल्या शिक्षकांनी, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या रीतीने नोंदवावी. पालकाचे काम वेगळे आहे. रडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर टॉवेल टाकणे हे ते काम होय.

मार्गिकेविषयीही असाच गैरसमज असतो. जेथे आधीच्या वेळा नोंदलेल्या असतात तेथे आठ मार्गिकांच्या तलावात सर्वांत चांगली वेळ असलेल्याला चौथी मार्गिका मिळते आणि त्याच्या दोन्ही बाजूंस उतरत्या क्रमाने इतर येतात. आपल्या मुलीला आठवी मार्गिका मिळाली म्हणजे तिला कोणी डावलले, असे नव्हे. शिवाय २५ मीटरच्या तलावात सराव केलेल्या मुलांना ५० मीटरच्या तलावात मधली भिंतच मिळत नाही. भिंतीआधी ५ मीटरवर टांगलेल्या पताकांपासून किती हात मारले म्हणजे भिंत येते, हेही नव्या तलावात पुन्हा मोजावे लागते. म्हणून सरावाच्या ठरलेल्या वेळेपूर्वी तलावावर पोहोचणे ही शिस्तीची बाब आहेच; त्याहून अधिक ती शर्यतीचाच एक भाग आहे.

शतांशाचे मोल

या खेळात काळाचे माप फार सूक्ष्म आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेचे सुवर्णपदक एका सेकंदाच्या दोन सहस्रांश अंतराने ठरले. तलावाच्या बांधकामात मार्गिकांच्या लांबीत याहून अधिक फरक असू शकतो, हे ध्यानात आल्यावर पुढे शतांश सेकंदापर्यंतच वेळ ग्राह्य धरण्याचे ठरले. मुलांच्या स्पर्धांत बहुधा हातातल्या घड्याळांनीच वेळ घेतली जाते. एका मार्गिकेवर तीन घड्याळे असल्यास दोन जुळतील ती वेळ आणि तिन्ही भिन्न असल्यास मधली वेळ धरण्याची पद्धत आहे. ही सावधगिरी मानवी बोटाचा भरवसा नसतो म्हणूनच आहे. तेव्हा प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून, तिरप्या नजरेने, भ्रमणध्वनीवर घेतलेली वेळ पुढे करून पंचांशी वाद घालणे हास्यास्पद ठरते.

शतांशाचे हे मोल कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याच्याइतके कोणाला कळले असेल? १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत खजानसिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळवले होते. त्यानंतर तब्बल २४ वर्षांनी, २०१० मध्ये ग्वांगझू येथे ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक जिंकून वीरधवलने भारताला जलतरणातील पदक मिळवून दिले. पुढे २०१८ मध्ये जाकार्ता येथे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. अंतिम फेरीत मात्र तो २२.४७ सेकंदांत आला आणि कांस्यपदक २२.४६ सेकंदांना गेले. एका शतांश सेकंदाने तो चौथा आला. त्या पराभवापेक्षा पालकांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. आपला २००९ मधील राष्ट्रीय विक्रम त्याने नऊ वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मोडला. ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता वेळ गाठणारा पहिला भारतीय जलतरणपटू साजन प्रकाश यानेही २०२१ मध्ये ती कामगिरी केली तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

बारा वर्षांच्या वयोगटात पहिला कोण आला, याला अवास्तव महत्त्व देणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचा विचार करावा. त्या वयात एकाच रांगेत उभ्या असलेल्या मुलांत एखाद्याला मिसरूड फुटू लागलेली असते, तर शेजारचा अजून बालकच असतो. वयोगट जन्माच्या तारखेवर ठरतात. देहाची वाढ पंचांग पाहून होत नाही. आज उंचीच्या बळावर जिंकणाऱ्यास उद्या इतर जण उंचीत गाठतात आणि आज मागे पडणारा पुढे निघून जातो. म्हणून या वयात एकच माप खरे, ते म्हणजे मुलाची स्वतःची मागची वेळ. सहावा आलेला मुलगा ४४ सेकंदांवरून ४२ वर आला असेल, तर त्या घरात त्या दिवशी आनंदच साजरा व्हावयास हवा. पण त्यासाठी मागची वेळ घरच्यांना ठाऊक असावी लागते. आणि किती घरांत ती ठाऊक असते?

परतीची वाट

स्पर्धा संपल्यावर खरी परीक्षा सुरू होते. स्कूटरवर मागे बसलेले किंवा एस.टी.च्या खिडकीशी टेकलेले मूल थकलेले असते. क्लोरीनने त्याचे डोळे लाल झालेले असतात. अशा वेळी वडील विचारतात, ‘शेवटी हात का सोडलेस?’ आई म्हणते, ‘त्या जोश्यांच्या मुलीला बघ.’ हेतू वाईट नसतो. पहाटेच्या फेऱ्या, तलावाचे शुल्क, प्रशिक्षकाचे मानधन आणि रजेचा दिवस यांचा हिशेब त्यांच्या मनात असतो. परंतु मुलाला ऐकू येतो तो एवढाच निष्कर्ष, की घरातले आपले स्थान घड्याळाच्या काट्यावर टांगलेले आहे. पोहण्यातील दोष दाखवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे आणि त्याला दुसरा दिवस आहे. घरच्यांनी त्या वाटेवर फार तर भूक लागली का, एवढेच विचारावे. बोलावेसे वाटले तर मूल स्वतःच बोलेल.

काठावर थांबवलेल्या मुली

मुलींच्या बाबतीत कुटुंबाच्या तयारीला आणखी एक अंग आहे. सहावी-सातवीपर्यंत मुलांच्या बरोबरीने पोहणाऱ्या मुली आठवी-नववीत अचानक दिसेनाशा होतात. कारणे उघड बोलली जात नाहीत. पण ती सर्वांना ठाऊक असतात. रंग काळवंडेल, खांदे रुंद होतील, पोशाखाविषयी नातेवाईक बोलतील आणि मासिक पाळीचे कसे करावयाचे. वस्तुतः नियमांनुसार गुडघ्यापर्यंतचा पोशाख चालतो. पाळीच्या दिवसांतही योग्य साधने वापरून पोहता येते. नको वाटल्यास एखादी शर्यत सोडण्याची मोकळीक असावी. मात्र हा निर्णय त्या मुलीचा आणि तिच्या प्रशिक्षकाचा असावा, शेजाऱ्यांचा नव्हे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आरती साहा अवघी ११ वर्षांची असताना भारतातर्फे पोहली आणि १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली. त्या काळी बंगालमधील एका घराला जे जमले, ते आज महाराष्ट्रातील घरांना जमू नये काय? ज्या घरात आईला काठावर थांबवले गेले, त्या घरात मुलीसाठी तरी पाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

अपंग मुलांविषयीही हेच म्हणावे लागेल. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक होय. ज्या प्रदेशाने असा पुरुष दिला, तेथील मुलांच्या स्पर्धेत अशा मुलांना स्वतंत्र शर्यत आणि तलावात उतरण्याची सोय असणे हे उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून घडले पाहिजे.

प्रमाणपत्राचा मोह

कुटुंबाच्या तयारीतील सर्वांत अवघड भाग नैतिक आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. या सवलती योग्यच आहेत. ज्याने सरावासाठी पहाटेचा अभ्यास गमावला, त्याला समाजाने काही परत देणे न्याय्य ठरते. पण सवलत हेच साध्य झाले, की मुलाला पाण्यात उतरवण्याचे कारणच बदलते. मग सोपी शैली शोधली जाते, ज्या शर्यतीत स्पर्धक कमी तिच्यात नाव घातले जाते आणि क्वचित जन्मतारखेच्या दाखल्यालाही हात लावला जातो. वय चोरून मिळवलेले पदक मुलाच्या गळ्यात घालणाऱ्या पालकाने त्याला नेमके काय शिकवले, याचे उत्तर स्वतःशी तरी द्यावे. ज्याचे पदक त्यामुळे हुकले, तेही कोणाचे तरी मूलच असते.

शाळेने काय करावे?

या साऱ्यात दोष केवळ पालकांचा नाही. त्यांना कोणी काही सांगतच नाही. स्पर्धेच्या आधी प्रवेशिका भरून घेणे, शुल्क जमा करणे आणि ‘सात वाजता हजर राहावे’ अशी चिठ्ठी देणे, एवढ्यावर शाळांचे कार्य संपते. वास्तविक एका संध्याकाळी तासभर पालकांना बोलावून दिवसाचा क्रम, नियम, डबा आणि वागणे यांविषयी क्रीडाशिक्षकांनी सांगितले, तरी निम्मे घोळ मिटतील. अमेरिकेतील वस्त्यावस्त्यांच्या उन्हाळी जलतरण स्पर्धांत पालकांच्याच हाती घड्याळे देऊन त्यांना वेळ नोंदवण्याच्या कामाला बसवतात. मुलांच्या हातावर शाईने शर्यतीचा, फेरीचा आणि मार्गिकेचा क्रमांक लिहितात. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही ही कामे करू लागली आहेत. जो पालक तीन तास दुसऱ्याच्या मुलांची वेळ घेतो, तो पंचांवर ओरडत नाही. कारण ते काम किती अवघड आहे हे त्याला बोटाने कळलेले असते. हा उपाय आपल्याकडे आणण्यास पैसा लागत नाही, केवळ मनाची तयारी लागते. शाळेतील लिपिकांपासून माजी विद्यार्थ्यांपर्यंत अनेक हात त्यासाठी मिळू शकतील.

जिल्ह्याच्या तलावावर उतरणाऱ्या मुलांपैकी फारच थोडी राज्यापर्यंत जातील आणि त्यांतून एखादेच देशासाठी पोहेल. उरलेल्या सर्वांच्या वाट्याला पदक येणार नाही. पण भीती वाटत असतानाही शिट्टीसरशी उडी घेणे, मागे पडल्यावरही भिंतीपर्यंत पोहत जाणे आणि बाहेर आल्यावर शेजारच्या मार्गिकेतल्या मुलाशी हस्तांदोलन करणे, एवढे तरी त्यांच्या पदरी पडलेच पाहिजे. ते पडावयाचे असेल, तर शर्यत संपवून मूल पाण्याबाहेर डोके काढते तेव्हा ते प्रथम काठाकडे पाहते, हे काठावरच्यांनी विसरू नये.